लवकीचा मांडव: बल्ल्या, तार आणि ताण

बियाणं, शेणखत, पाणी यावर इथं वेळ घालवत नाही. ते सगळ्यांना ठाऊक आहे. लवकी (दुधी भोपळा), दोडके, कारले जमिनीवर न सोडता उभ्या तारेवर चढवायचे असतील तर मृगाआधी काय तयार हवं, तेवढंच सांगतो. हिशेब पन्नास फुटांच्या एका ओळीचा धरा.

बल्ल्या, म्हणजे लाकडी खांब, सहा, दर दहा फुटांवर एक. लांबी साडेआठ फूट. दोन फूट जमिनीत, साडेसहा वर. गाडला जाणारा भाग डांबरात बुडवून घ्या, नाहीतर उधई दुसऱ्या हंगामाला बल्ली ठेवत नाही. मे महिन्यात काळ्या मातीत सब्बल (पहार) टण्णकन उडते, म्हणून खड्ड्याच्या जागी आदल्या संध्याकाळी बादलीभर पाणी ओता. खड्डा परत काळ्या मातीनेच भरू नका. मुरूम आणि गिट्टी ठोकून भरा. काळी माती पावसात लोण्यासारखी होते आणि उघाड पडली की बल्लीभोवती बोटभर फट सोडते.

आता ताण, म्हणजे बल्लीला बाहेरून ओढून धरणारी तार. घाईत राहून जातो तो हाच. मधल्या बल्लीला तार दोन्हीकडून ओढते, ती उभी राहते. टोकाच्या बल्लीला एकाच बाजूने ओढ. ओळीत सोळा वेल, प्रत्येकावर किलोकिलोच्या चार लवक्या म्हटल्या तरी चौसष्ट किलो. वर ओला पाला आणि वारा. तार जितकी ताठ, तितकी टोकावर ओढ जास्त. टोकाची बल्ली आत झुकली की तार सैल पडते आणि अख्खी ओळ लवक्यांसकट चिखलात बसते. बल्ली जाड घेतली म्हणून हे टळत नाही. ताण लागतोच.

टोकाच्या बल्ल्या थोड्या बाहेर कलत्या रोवा. त्यांच्यापासून बाहेर पाच फुटांवर दोन फूट खोल खड्डा घ्या, त्यात दहा-बारा किलोचा दगड दुपदरी तारेने बांधून पुरा, तार बल्लीच्या शेंड्याला आणा. खुंटी ठोकून भागवू नका, भिजल्या मातीतून ती मुळ्यासारखी निघते. दोन पदरांमध्ये हातभर काडी घालून पीळ द्या, तार वाजायला लागली की काडी बांधून टाका. ही काडी काढू नका. पहिली झड उघडली की पुन्हा पीळ, पोळ्याच्या सुमारास पुन्हा. ओळ उत्तर-दक्षिण असेल तर पश्चिमेचा वारा आडवा लागतो, तेव्हा मधल्या दोन बल्ल्यांनाही दोन्ही बाजूंनी ताण द्या. आणि ताणाच्या तारेला लाल चिंधी बांधा, नाहीतर डवऱ्याचा (कोळपणीचा) बैल त्यात अडकतो.

वरची तार बारा गेजची, टोकांच्या ताणासकट दोन किलो पुरते. खालची जमिनीपासून दीड फुटावर, सोळा गेजची, अर्धा किलो. दोन्हींमध्ये वेलागणिक एक सुतळी. नायलॉन नको, देठ कापतो. वेल बांधताना इंग्रजी आठसारखा सैल फास द्या, बोट जाईल एवढा.

बी रात्रभर भिजवा. कारल्याचं टणक असतं, टोक हलकं कातरा. आळी तीन फुटांवर. वरच्या तारेपर्यंत बाजूचे फुटवे खुडत राहा, तिथं शेंडा मोडा, मग फाटे तारेवर पसरू द्या. आधी नुसती नर फुलं येतात, घाबरून खत ओतू नका. लवकीचं फूल संध्याकाळी उमलतं. मधमाशी दिसत नसेल तर तेव्हाच नर फूल मादी फुलावर टेकवा. दोडक्याचंही तसंच संध्याकाळचं, कारल्याचं सकाळी.

फळमाशीचे सापळे फुलं दिसताच. त्यात ठेवायचं गंधाचं आमिष क्यू-ल्युरच मागा, आंब्याच्या माशीचं मिथाईल युजेनॉल दिलं तर परत करा, वेलावरची माशी त्याला येत नाही. भुरीवर (पानांवरच्या पांढऱ्या बुरशीवर) गंधक भर उन्हात मारू नका, पानं करपतात.

कोहळं चढवलं असेल तर प्रत्येक फळाला जुन्या लुगड्याची झोळी, तारेला बांधून. त्या ओळीला ताण दुहेरी.

नख रुततं तोवर लवकी तोडा, तीन-चार दिवसाआड, देठासकट. हंगाम संपला की वेल बुडाशी कापून तारेवरच वाळू द्या. हिरवे ओढले तर तारही खाली येते.