कोकणात परमाकल्चर करताय? निदान या चुका तरी टाळा

दर मार्च-एप्रिलमध्ये चार-पाच फोन येतातच. दीड-दोन एकर उताराची जमीन घेतलेली असते, जेसीबी उद्या यायचा असतो. "काका, स्वेल, म्हणजे उतारावर आडवे पाणी अडवायचे चर, किती खोल खणू?" जेसीबी परत पाठव म्हटलं की पलीकडे शांतता. मग दुसऱ्या कुठल्या तरी काकांना फोन जातो.

पावसाळा न बघता चर खणण्याची चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलतो. परमाकल्चर, म्हणजे निसर्गाची रीत बघून टिकाऊ शेती आखणं, हा शब्द १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी घडवला. तिथल्या कोरड्या भागांत समपातळीवरचे चर म्हणजे सोन्यासारखी युक्ती, पडेल तो थेंब धरून ठेवायचा. आमच्या राजापूर तालुक्यात चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या वर कोसळतो. थेंबाची चणचण मे महिन्यात. जुलैत चिंता असते ती पाणी बाहेर काढायचं कसं याची. त्यात जांभ्यातून पाणी सरळ झिरपतं आणि खालच्या चिकणमातीवर जाऊन तुंबतं. उतारावर तिथे आणखी मुरवलंत, की वरचा थर साबणावर ठेवल्यासारखा घसरतो.

मी चार चर खणले होते. फोटो झकास आले. पुनर्वसूत तीन दिवस झड लागली आणि तिसऱ्या रात्री खालच्या चराचा बांध फुटला. सकाळी बघतो तर सगळा गाळ खालच्या काकींच्या खाचरात, आठ दिवसांपूर्वी लावलेल्या भातावर. काकी ओरडल्या नाहीत. "अरे, हितून पऱ्या वाहायचा. विचारलंस कोणाला?" एवढंच म्हणाल्या. पऱ्या म्हणजे पावसाळी ओहोळ.

आता माझी सवय अशी. नव्या तुकड्यात पहिला पावसाळा कुदळ लावायची नाही. काठ्यांची मोळी काखेत मारून भर पावसात फिरायचं, पाणी जिथून वाहतं तिथे काठी रोवायची. दसऱ्याला त्या काठ्या बघून मग गडगा (दगडांची कुंपणभिंत) कुठे, बांध कुठे, वाट कुठे ते ठरवायचं. एक वर्ष फुकट जातं म्हणणाऱ्यांनी काकींचं खाचर आठवावं.

दुसरी चूक त्याच सकाळची. वाडीतली नऊ माणसं आपापली उरलेली रोपं घेऊन आली आणि दुपारपर्यंत ते खाचर पुन्हा लावून मोकळी झाली. मी शहाणा, संध्याकाळी पाकिटांत मजुरी घालून घरोघर फिरलो. कोणी पाकीट घेतलं नाही, आणि पुढच्या वर्षी माझ्या लावणीला कोणी आलंही नाही. ती सावड होती, तिची फेड अंगमेहनतीने करायची असते, हे मला कळायला वर्ष गेलं. मग मी न बोलावता प्रत्येकाच्या खाचरात कंबर मोडेपर्यंत वाकलो. चिखलात उभं राहिल्यावर माणसं हळूहळू बोलायला लागली. 'समुदाय जोडायचाय' म्हणून व्हॉट्सॲप गट काढणाऱ्यांना मी विचारतो, या वर्षी कितीजणांच्या लावणीला गेलात? आणि तुमचं श्रमदान शिबिर ऐन शिमग्यात किंवा गणपतीत ठेवलंत तर लोक येत नाहीत अशी तक्रार माझ्याकडे आणू नका.

बांबूचं थोडक्यात. पावसाळ्यात तोडलेला किंवा कोवळा बांबू मांगराला, म्हणजे शेतातल्या खोपीला, वापरलात, की वर्षभरात भुंगा लागून डोक्यावर पीठ पडायला लागतं. त्या बांबूत पिष्ट जास्त असतं, किडीला तेच हवं असतं. आमच्याकडे टोपल्या विणणारे आजोबा आहेत. ते तीन वर्षांच्या आतल्या काठीला कोयती लावू देत नाहीत, थंडीत तोडतात, तेही अमावास्येच्या सुमारास, आणि मग काठ्या तीन आठवडे वहाळात, म्हणजे ओढ्यात, बुडवून ठेवतात. अमावास्येचा आग्रह त्यांचा, थंडीचा आणि वहाळाचा माझाही.

याच आजोबांकडे एकजण लॅम्पशेडची ऑर्डर घेऊन आला होता, शंभर नग, पंधरा दिवसांत, वर घासाघीस. त्याच्या स्वतःच्या शेतात मात्र प्लास्टिकचे क्रेट. आधी आपल्या काजूसाठी हारा, म्हणजे मोठी टोपली, घ्या, पाखडायला सूप घ्या, पावसात इरलं वापरून बघा. ते कुठे टोचतं, कुठे टिकतं ते कळलं की विकण्याचं बोला.

बाकीच्या चुका भराभर सांगतो. जुलैत जाड आच्छादन घालू नका, गोगलगायींना घर मिळतं. पाऊस ओसरल्यावर घाला, पण झाडाच्या बुंध्यापासून वीतभर लांब, नाहीतर वाळवी. मुसळधार पावसात जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन यांचं आंबवण) ओतणं म्हणजे वहाळाला गूळ-बेसन खाऊ घालणं. डिसेंबरातच हद्दीवरचं गवत कापून जाळरेषा काढा. वणवा तुमचं सेंद्रिय प्रमाणपत्र वाचत नाही. सातबारा सामाईक असेल तर सगळ्या हिस्सेदारांशी बोलल्याशिवाय एक कलमही लावू नका. वानरांवर उपाय मला विचारू नका, मीच शोधतोय.

आणि मृग लागल्यावर फोन करू नका. लावणी संपेपर्यंत मोबाईल घरात असतो आणि मी कोणाच्या तरी खाचरात.