पल्स ऑक्सिमीटरचा प्रोब तपासताना या चुका टाळा

"प्रोब चांगला आहे, माझ्या बोटाला 98 दाखवतोय." ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या लहान नर्सिंग होममध्ये हे वाक्य सर्रास ऐकू येतं, आणि सगळ्यांत घातक चूक हीच. निरोगी बोटावर सदोष प्रोबही (म्हणजे बोटाला लावायची वायरवाली क्लिप) 98 टक्के ऑक्सिजन दाखवू शकतो. प्रोबमध्ये दोन एलईडी असतात, एक लाल, साधारण 660 नॅनोमीटरचा, दुसरा इन्फ्रारेड, बहुधा 940 च्या आसपासचा. मशीन या दोन प्रकाशांच्या गुणोत्तरावरून, आधीच ठरलेल्या तक्त्यानुसार आकडा काढतं. एलईडीची तरंगलांबी त्या तक्त्याशी जुळत नसेल तर 98 सारख्या वरच्या आकड्यांत फरक जाणवत नाही. ऑक्सिजन 80 कडे उतरला की हा फरक वाढतो, म्हणजे नेमका आणीबाणीच्या वेळी. बोटाच्या जागी लावायचा सिम्युलेटरही हा दोष पकडत नाही. त्यातून मशीन आणि जोडणी तपासली जाते, एलईडीची तरंगलांबी नाही.

म्हणूनच "पिन बसते ना, मग घ्या" असं म्हणून स्वस्त प्रोब उचलू नका. नऊ पिनांचा कनेक्टर सारखा दिसला तरी आतली जोडणी कंपनीगणिक बदलते. मशीनच्या मॉडेलला चालणाऱ्या प्रोबची यादी मागा.

वायर टेबलावर सरळ पसरून तपासण्यात अर्थ नाही. ती बहुधा तुटते दोन जागी, कनेक्टरच्या मानेशी आणि क्लिपमध्ये शिरते तिथे. प्रोब बोटाला लावून या दोन्ही जागा हलकेच वाकवा आणि आकड्याऐवजी मशीनच्या पडद्यावरच्या नाडीच्या लहरीकडे बघा. लहर तुटली तर आतल्या तारा गेल्या आहेत. वर टेप गुंडाळून तो प्रोब पुन्हा पेशंटला लावू नका, कृपा करून.

उलट चूकही होते. इथल्या जानेवारीत बोटं गारठलेली असतात, लहर क्षीण येते आणि चांगला प्रोब कचऱ्यात जातो. आधी हात ऊबदार करा, नेलपॉलिश पुसा, बीपीचा पट्टा असलेला हात टाळा, मग त्याच बोटाला खात्रीचा दुसरा प्रोब लावून ताडून पाहा.

लहर वेडीवाकडी आणि आकडा 85 च्या आसपास अडकलेला दिसला तर दोन्ही प्रकाशांत सारखाच गोंधळ मिसळल्याची शक्यता असते, कारण गुणोत्तर एक झालं की तक्ता साधारण तेवढंच सांगतो. तरी आधी पेशंटकडे बघा. ओठ निळसर असतील, धाप लागली असेल तर डॉक्टरांना बोलवा, प्रोबची चौकशी नंतर.

क्लिपची स्प्रिंग सैल झाली किंवा आतलं रबर फाटलं की बाहेरचा उजेड आत शिरतो. असा प्रोब बदलाच. पुसायला कंपनीने सांगितलेलंच द्रावण वापरा, आणि पुन्हा वापरायचा प्रोब द्रावणात बुडवून ठेवू नका.