सेन्सरचा सगळा डेटा साठवू नका, बेरजा ठेवा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या लूमवर कंपन-तापमानाचे सेन्सर बसवलेत? मग दर सेकंदाचं रीडिंग साठवून रात्री सगळ्यावर के-मीन्स (सारख्या रीडिंगचे गट पाडायची पद्धत) चालवत बसू नका. प्रत्येक गटासाठी तीनच गोष्टी पुरतात: रीडिंगची संख्या, त्यांची बेरीज आणि त्यांच्या वर्गांची (स्क्वेअरची) बेरीज. त्यातून सरासरी आणि पसारा दोन्ही निघतात. नवं रीडिंग जवळच्या गटात मिळवा, मूळ आकडा सोडून द्या. कुठेच बसत नसेल तर नवा गट उघडा. गट फार झाले की जवळचे दोन जोडा, म्हणजे नुसती बेरीज. १९९६ च्या बर्च (BIRCH) या गट पाडायच्या पद्धतीत हेच आहे. २००३ च्या क्लूस्ट्रीम (CluStream) या पद्धतीने त्याला वेळेची जोड दिली.

खरी गोम जुन्या डेटाची. जानेवारीत शेडचं जे तापमान ‘जास्त’, ते मे महिन्यात सोलापुरात नेहमीचंच! म्हणून ठरावीक वेळाने तिन्ही आकड्यांना १ पेक्षा किंचित कमी अशा एकाच संख्येने गुणा. सरासरी हलत नाही, फक्त जुन्या रीडिंगचं वजन (म्हणजे संख्या) उतरतं. वजन अगदीच घटलेला गट काढून टाका.

कंपन आणि तापमान आधी एका मापात आणा, नाहीतर मोठा आकडा सगळं ओढून नेतो. आणि हो, लाइट गेल्यावरची शून्यं आधीच गाळा.