गोव्याच्या पावसात सातेरीची पेटी कशी टिकवायची

मे महिन्याच्या शेवटी आमच्या सत्तरी तालुक्यात घराघरात एकच धांदल असते, मिरच्या वाळवून डब्यात भरायच्या, सुके बांगडे, सुंगटं, सोलं, लाकडं पडवीत रचायची, म्हणजे आगोटीची बेगमी, जिला इथे पुरुमेंत म्हणतात. आणि नेमक्या त्याच आठवड्यात मधमाशा पाळणारे बरेच जण पेटीतला शेवटचा मध काढून घेतात, "पावसात माशाच खाऊन टाकणार, मग आपणच घेऊया ना" म्हणून. मी पण पहिल्या वर्षी हेच केलं. तीन पेट्या होत्या, गणेश चवथीपर्यंत एकच उरली. बाकीच्या दोन माझ्यामुळे गेल्या, मी त्यांचं पुरुमेंत काढून घेतलं होतं. ते अजून मनाला लागतं म्हणून हे सविस्तर लिहितोय.

इथे मी फक्त सातेरीबद्दल बोलतोय, म्हणजे आपली देशी माशी, एपिस सेराना इंडिका, जी झाडाच्या ढोलीत, दगडाच्या गडग्यात, वारुळात एकाशेजारी एक पोळी लावून राहते. (आमच्या गावची देवी पण सातेरी आणि देवळात वारूळच पुजतात, म्हणून वारुळात पोळं सापडलं की माझी आजी आधी हात जोडायची.) युरोपियन मेलिफेरा माशीचं गणित वेगळं. सातेरीचा स्वभाव लक्षात ठेवायचा तो हा की तिला उपास पडला, दमट झालं, किडे-मुंग्यांचा त्रास झाला, तर ती तिथे मरत बसत नाही, सगळी वसाहत पेटी सोडून उडून जाते. आणि आपल्याकडे तिची उपासमार नेमकी जून ते सप्टेंबर.

थंड देशांत हीच अडचण हिवाळ्यात येते. कॅनडासारख्या ठिकाणी बाहेर बर्फ असतं, फूल एक नाही, मग मेलिफेरा माशा राणीला मध्ये घेऊन गोळा करून बसतात. साधारण १४ अंशांच्या खाली पारा गेला की हा गोळा व्हायला लागतो, आणि अंगाचे स्नायू थरथरवून त्या ऊब तयार करतात, त्याला लागणारं इंधन म्हणजे मध, तोही २५-३० किलोच्या घरात. तिथले अनुभवी लोक सांगतात की कोरडी थंडी माशांना सोसते, पण माशांच्या श्वासाची वाफ झाकणाला लागून तिचं पाणी अंगावर ठिबकलं की वसाहत मरते, म्हणून ते वरच्या बाजूला हवेला वाट ठेवतात. हिमाचलमधले बरेच मधपाळ तर थंडीत पेट्या गाडीत घालून खाली पंजाब, राजस्थानात मोहरीवर नेतात. म्हणजे तिकडे बर्फ आणि इकडे पाऊस, पण माशीला लागतं तेच, पोटाला साठा, कोरडी जागा आणि भरलेलं घर. फक्त त्यांचे व्हिडिओ बघून पेटी थर्माकोलात नाहीतर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका. आमच्या ओळखीच्या एकाने ताडपत्री घट्ट बांधली होती, दोन आठवड्यांत आतल्या चौकटींवर (ज्या लाकडी चौकटीत माशा पोळं बांधतात) हिरवी-पांढरी बुरशी.

तर मुख्य काम मे महिन्यातच उरकायचं, मृग लागायच्या आत. काजू, जांभूळ, कुंभा सगळं आटोपलेलं असतं, मधाची आवक बंद व्हायला आलेली असते. वरचा मधाचा सुपर, म्हणजे पेटीचा मधाचा मजला, उतरवा, त्यातला तुमच्या वाट्याचा मध घ्या, पण खालच्या पिल्लांच्या कोठीतल्या मधाला हात लावायचा नाही. सातेरी प्रत्येक पोळ्याच्या वरच्या भागात मधाचा पट्टा ठेवते, त्याच्या खाली परागाची कड आणि त्याखाली पिल्लावा, म्हणजे अंडी-अळ्या. तो वरचा पट्टा निदान दोन-तीन चौकटींवर चांगला चार बोटं रुंद आणि मेणाने सीलबंद पाहिजे, असा माझा हिशोब आहे. कोठीत तेवढा नसेल तर सुपरमधला मध काढायचाच नाही, सुपर तसाच ठेवा, यंदा बाटल्या कमी भरतील, काही बिघडत नाही.

मग पेटी आवळायची. कोठीत आठ चौकटी असतील आणि माशा पाचच चौकटींवर असतील तर बाकीच्या तीन काढून टाका आणि पाचव्या चौकटीला लागून फळी उभी करा, पार्टिशनसारखी. माशा नसलेलं पोळं म्हणजे मेणपतंगाला आवतण, त्याच्या अळ्या पोळं पोखरून खातात. काळी पडलेली जुनी पोळी तर आधी काढा, वितळवून मेण करा. काढलेली चांगली पोळी फेकू नका, फ्रीझरमध्ये दोन दिवस ठेवली की त्यातली अंडी-अळ्या मरतात, नंतर जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवली की ऑक्टोबरात सोन्यासारखी कामाला येतात.

तीन चौकटीसुद्धा न झाकणाऱ्या पेटीला एकटीला पावसात सोडण्यात मला अर्थ वाटत नाही, ती दुसऱ्या पेटीत मिळवा. कमजोर राणी काढायची, संध्याकाळी मजबूत पेटीच्या कोठीवर वर्तमानपत्राचा एक कागद पसरायचा, त्याला सुईने चार भोकं पाडायची आणि त्यावर दुसऱ्या पेटीची कोठी ठेवायची. दोन-तीन दिवसांत माशा कागद कुरतडतात, तोवर वास एकमेकांत मिसळलेला असतो, मारामारी होत नाही. पण मिळवण्याआधी पिल्लावा नीट बघा. अळ्या घरात डोकं वर करून उभ्या मेलेल्या असतील आणि चिमट्याने उचलल्यावर पाण्याच्या पिशवीसारख्या लोंबत असतील तर तो थाई सॅकब्रूड हा विषाणूचा रोग असू शकतो. १९९१-९२ मध्ये याच विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहती साफ केल्या होत्या. अशी पेटी कुठल्याच पेटीत मिळवायची नाही, तिची पोळी दुसरीकडे द्यायची नाही, हात आणि सुरी धुतल्याशिवाय पुढच्या पेटीला लावायची नाही.

आता जागा. आपल्याकडे झड येते ती नैऋत्येकडून, पश्चिमेकडून, म्हणून पेटीचं दार पूर्वेला किंवा आग्नेयेला. घराच्या वळचणीखाली, पडवीत, गोठ्याच्या आडोशाला ठेवता आली तर उत्तम, फक्त पागोळ्यांची धार पेटीवर नको. कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, ठेवली असेल तर दाट पोफळींच्या खालून काढून कडेला, जिथे उघडीप पडली की दोन तास तरी ऊन येईल अशा जागी आणा. सातेरीला जागा बदललेली चालत नाही, म्हणून हे हलवणं एकदम नको, रोज हात-दीड हात सरकवत न्या आणि तेही पाऊस लागायच्या आधी. पेटी जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच, आणि मागच्या पायांखाली पातळ चिपा घालून पुढे किंचित कलती, म्हणजे आत गेलेलं पाणी दारातून बाहेर पडतं. वर पत्र्याचा तुकडा, चारी बाजूंनी वीतभर बाहेर आलेला, दगड ठेवून दाबलेला. पश्चिमेच्या अंगाला मी माडाच्या पानांचं विणलेलं झाप उभं करतो, झड अडते आणि हवा खेळते, याला पैसे पण पडत नाहीत.

स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात मुंग्यांसाठी, पावसात त्या भरून वाहतात, त्यात पानं पडतात आणि मुंग्यांना आयता पूल मिळतो. शिवाय डास. म्हणून वाट्यांवर छोटं छप्पर करा किंवा पायांना ग्रीस लावलेल्या फडक्याचा पट्टा गुंडाळा आणि दर आठवड्याला बघा. पेटीला टेकलेलं गवत, वेल कापत राहा.

आता पाऊस चालू झाल्यावर काय. खरं सांगायचं तर जास्त काही करायचं नाही. नवीन माणसाला रोज झाकण उघडून बघायची हौस असते, पण प्रत्येक वेळी आतली ऊब जाते, पिल्लाव्याला ३३ ते ३५ अंश लागतात आणि ती ऊब परत आणायला माशा तोच मर्यादित मध जाळतात. दार बघा, दार सगळं सांगतं. उघडीप पडल्यावर माशा पायांना पिवळ्या गोळ्या लावून येत असतील तर आत राणी अंडी घालतेय असं समजा. हे पराग कुठून येतात तर लाजाळू, मका, आणि सड्यावर (जांभ्याच्या पठारावर) आपले लोक पावसात दोडकी, काकडी, चिबूड लावतात त्याच्या फुलांतून, श्रावणात सड्यावर तेरडा फुलला की अजून बरं. (त्या मळ्यात कीटकनाशक मारणार असतील तर शेजाऱ्याला हात जोडून सांगा, संध्याकाळी उशिरा मार म्हणून.) वजन बघायचं तर पेटीची मागची कड एका हाताने बोटभर उचला. मेमध्ये एकदा अशी उचलून हाताला वजन लक्षात ठेवलं की जुलैत कळतं किती हलकी झाली ते.

हलकी लागली की साखर. दर पेटीला आठवड्याला २०० ग्रॅम साखर तेवढ्याच पाण्यात. पाणी उकळून खाली उतरवायचं, मग साखर विरघळवायची, पूर्ण गार झाल्यावर द्यायचं. मी नारळाच्या करवंटीत ओततो, वर सुक्या काड्या तरंगत ठेवतो म्हणजे माशा बुडत नाहीत, आणि ती करवंटी कोठीच्या आत, फळीच्या पलीकडे जी मोकळी जागा केलीय तिथे. बाहेर उघड्यावर कधीच नाही, थेंबसुद्धा सांडायचा नाही, नाहीतर शेजारच्या पेटीच्या माशा लुटायला येतात आणि कमजोर पेटी एका दिवसात संपते. वेळ संध्याकाळची, दिवे लागायच्या सुमाराला. गूळ देऊ नका, त्यातला मळ माशांना पचत नाही, हगवण लागते. दुकानातला मधही नको, त्यातून रोग येऊ शकतो. आपल्या दमट हवेत पाक दोन-तीन दिवसांत आंबतो, म्हणून १०० ग्रॅम दोनदा दिलेला बरा, उरलेला ओतून करवंटी धुवायची.

पंधरा दिवसांतून एकदा, पाऊस थांबलेला आणि ऊन पडलेलं असताना, ११ ते ३ च्या दरम्यान पेटी उघडायची, पाच मिनिटांत बंद. राणी शोधत बसू नका, घरांच्या तळाशी तांदळाच्या कणीएवढी उभी अंडी दिसली की झालं. मग तळपाट काढून बघा, हे मात्र चुकवू नका. पहिल्या वर्षी आषाढात मी तळपाट काढला तर कोपऱ्यात ओल्या भुशासारखा मेणाचा चुरा साठलेला आणि त्यात काळे बारीक दाणे, ती अळीची विष्ठा. वर शेवटची चौकट उचलली तर पोळ्याच्या आतून कोळ्याच्या जाळ्यासारखा पांढरा बोगदा गेलेला, बोटाने फाडला तर आत राखाडी अळी सळसळत मागे सरकली. तो मेणपतंग. तेव्हा मला कळलं नाही, मी चौकट परत आत ठेवली, आणि आठ दिवसांत माशा गेल्या. असा चुरा दिसला की तळपाट खरवडून, पुसून, चुलीच्या जाळावर फिरवून लावायचा आणि जाळं लागलेलं पोळं त्याच दिवशी बाहेर.

माशा सोडून जायच्या तयारीत आहेत हे पण आधी दिसतं. पराग येणं बंद, अंडी नाहीत, उघडा पिल्लावा नाही, मधाचे पट्टे चाटून कोरडे, आणि माशा पोळ्यावर सैरभैर पळतात. अशा वेळी लगेच त्याच संध्याकाळपासून पाक सुरू करा, चार-पाच दिवस दाराला राणीगेट लावा म्हणजे राणी बाहेर पडू शकत नाही, आणि दुसऱ्या मजबूत पेटीतली अंडी-अळ्यांची एक चौकट, माशा झाडून, यात द्या. पिल्लं टाकून माशा सहसा जात नाहीत. राणीगेट कायमचं ठेवू नका, नर आत अडकतात आणि दार तुंबतं.

चवथ झाली, पाऊस ओसरायला लागला की गांधीलमाश्या दारावर घिरट्या घालतात. दार दोन माशा जातील एवढंच ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ बॅडमिंटनच्या जुन्या रॅकेटने जेवढ्या पाडता येतील तेवढ्या पाडा, मी दुसरा उपाय करत नाही. मग किंदळ फुलायला लागतो, बाहेरून पराग आणि मध दोन्ही येतात, तेव्हा साखर एकदम बंद. साखरेचा पाक साठलेल्या चौकटींवर मी पावसातच खडूने फुली मारून ठेवतो, त्या चौकटी माशांच्याच, त्या सुपरमध्ये चढवायच्या नाहीत आणि त्यातला थेंब बाटलीत जाता कामा नये. फुलीच्या चौकटी खाली कोठीतच राहू द्यायच्या, पाच-सहा चौकटी माशांनी गच्च झाकल्या की मधली फळी काढायची, फ्रीझर केलेली पोळी एकेक करून आत द्यायची, आणि कोठी भरली की मगच सुपर.