मायक्रोटोमवर बसण्याआधी ब्लॉक कसा तयार करावा

सेक्शन (मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवलेल्या टिश्यूचा, मायक्रोटोम या यंत्रावर घेतलेला पातळ काप) फाटला की बहुतेकजण आधी ब्लेड बदलतात. ब्लेडला दोष देणं सोपं असतं, पण मूळ बऱ्याचदा दोन दिवस आधीच्या प्रोसेसिंगमध्ये, म्हणजे टिश्यूतलं पाणी काढून मेण भरण्यात सापडतं.

ग्रॉसिंगच्या (नमुन्यातून तुकडा कापून घेण्याच्या) वेळी तुकडा 3 ते 4 मिमीपेक्षा जाड ठेवू नका आणि कॅसेटमध्ये (जाळीदार डबीत) कोंबू नका. तुकड्याच्या आकारमानाच्या किमान दहापट 10% न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन घालून, एवढ्या जाडीच्या तुकड्याला साधारण 24 तास द्या. कच्चं फिक्सेशन (फॉर्मॅलिनमध्ये टिश्यू पक्का होणं) पुढे कशानेही भरून निघत नाही.

पुढे पाणी काढण्यासाठी 70%, 90% आणि मग शुद्ध अल्कोहोलचे निदान दोन बदल (ताजे जार). गडबड होते ती इथेच. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणाच्या दमट हवेत, उघडं राहिलेलं शुद्ध अल्कोहोल ओलावा शोषून घेतं. शेवटच्या जारच्या तळाशी निर्जल कॉपर सल्फेट फिल्टर पेपरखाली ठेवा. पांढऱ्याचं निळं झालं की ते अल्कोहोल बदला. टिश्यूमध्ये पाणी उरलं तर झायलीन (अल्कोहोलची जागा घेऊन मेणाला वाट देणारं द्रव) नीट शिरत नाही, आणि मग मेणही नाही. असा ब्लॉक थंड झाल्यावर मधोमध खचतो, आणि कापताना टिश्यू मेणापासून सुटून निघतो. ब्लॉक मऊ लागून झायलीनचा वास येत असेल तर मेणाचे बदल कमी पडलेत किंवा मेण जुनं झालंय. 56-58 अंशांना वितळणारं मेण 60 अंशांच्या आसपास ठेवा. त्याहून तापवलं तर टिश्यू कडक होतो. लहान बायोप्सी मोठ्या तुकड्यांसोबत रात्रभराच्या वेळापत्रकावर टाकू नका, त्या ठिसूळ होतात.

एम्बेडिंग करताना, म्हणजे टिश्यू मेणात बसवताना, मोल्ड (साचा) आणि चिमटा गरम हवा. तळाशी थोडं मेण ओता, टिश्यू बसवा, थंड जागेवर क्षणभर टेकवून तळाशी धरा आणि लगेच मोल्ड भरा. रेंगाळलात तर मेणाचे दोन थर पडतात आणि ब्लॉक तिथेच सुटतो. त्वचा कडेवर उभी, नळीसारखा अवयव आडव्या छेदासाठी उभा. लांबट तुकडा थोडा तिरका ठेवला की ब्लेडवर एकदम पूर्ण लांबीचा ताण येत नाही. ब्लॉक घाईने फ्रीझरमध्ये टाकलात तर मेणाला तडे जातात.

ट्रिमिंग (टिश्यू उघडा पडेपर्यंत ब्लॉक छाटणं) 15-20 मायक्रॉनवर करा, पण पूर्ण पृष्ठभाग दिसू लागला की शेवटचे काही काप 5 मायक्रॉनवर घ्या. नाहीतर टिश्यू उपटला जाऊन सेक्शनमध्ये कसर लागल्यासारखी भोकं दिसतात; अनेकांना ती प्रोसेसिंगची वाटतात. मग ब्लॉकचं तोंड वितळत्या, ओल्या बर्फावर 10-15 मिनिटं ठेवा. गारव्याने मेण कडक होतं, आणि उघड्या पृष्ठभागातून शिरलेलं पाणी कोरडा टिश्यू नरम करतं. जास्त वेळ ठेवलात तर टिश्यू फुगून मेणाबाहेर येतो. गार ब्लॉक तापताना प्रसरण पावतो, म्हणून पहिले दोन-तीन सेक्शन जाड येतात. ते टाकून द्या.

ट्रिमिंगला ब्लेडची एक बाजू वापरा, सेक्शनला दुसरी. 3-4 मायक्रॉनवर चाक सावकाश, एका लयीत फिरवा. उभी रेघ आली तर ब्लेड बाजूला सरकवा. रेघ गेली तर ब्लेडला खाच होती. टिश्यूच्या त्याच जागी राहिली आणि कापताना करकर आवाज आला तर कॅल्शियम आहे. ब्लॉकचं तोंड 10% फॉर्मिक ॲसिडमध्ये भिजवलेल्या गॉजवर अर्धा तास ठेवा, धुवा, गार करा. आम्ल वरच्या थोड्याच थरात शिरतं, त्यामुळे ब्लॉक पुन्हा लावताना कोन बदलला तर ते काम ट्रिमिंगमध्येच वाया जातं.

आडव्या पट्ट्या उमटल्या तर आधी ब्लॉक आणि ब्लेडचे सगळे स्क्रू आवळा. तरीही उमटल्या तर टिश्यू अति कोरडा आहे. बर्फावर आणखी भिजवा. एक जाड, एक पातळ असे सेक्शन येत असतील तर क्लॅम्प ढिला आहे, क्लिअरन्स अँगल (ब्लेड आणि ब्लॉकच्या तोंडातला कोन) कमी आहे किंवा ब्लॉक कोमट झालाय. रिबन (सेक्शनची सलग पट्टी) वाकडी जात असेल तर ब्लॉकची वरची आणि खालची कड समांतर कापून घ्या.

वॉटर बाथ (सेक्शन पसरवायचं कोमट पाणी) 42 ते 45 अंशांवर. सेक्शनची चकचकीत बाजू पाण्याकडे. पाणी जास्त गरम असेल तर पेशी एकमेकींपासून फाकतात, फार गार असेल तर सुरकुत्या राहतात. प्रत्येक ब्लॉकनंतर टिश्यू पेपर पाण्यावरून फिरवून घ्या. आधीच्या रुग्णाचा तरंगता कण पुढच्या स्लाइडवर चिकटला तर रिपोर्ट चुकू शकतो.