डायनिंगच्या खुर्च्यांच्या सीट घरीच बदलायच्या असतील तर

आमच्या सहा खुर्च्यांचं रेक्झिन दोन पावसाळ्यांत असं काही सुटायला लागलं की जेवून उठलं की पँटला मागे तपकिरी पोपडे. कुशनवाल्याने सांगितलेला भाव ऐकला आणि गुपचूप घरी आलो, म्हटलं आपणच बघू. जमतं. फक्त सीट खालून स्क्रूने बसवलेली पाहिजे, पाठीलाही कुशन शिवलेलं असेल तर ते सरळ कारागिराला द्या.

खुर्ची चादरीवर उलटी टाका, चार स्क्रू काढा आणि लगेच मार्करने सीटला आणि फ्रेमला एकच नंबर टाका, कारण भोकं एका खुर्चीची दुसरीला जुळतीलच असं नाही. स्क्रू वाटीत ठेवा. माझा एक गंजला होता म्हणून मी ड्रॉवरमधला हाताला लागला तो लावला, तो निघाला लांब, प्लाय फोडून फोममध्ये वर आला आणि साडू बसले ते लगेच उठलेच.

आता सगळ्यात कंटाळवाणं काम, पिना उपटणं. चपट्या स्क्रूड्रायव्हरने उचकायच्या, पक्कडीने ओढायच्या, तुटून राहिलेलं टोक हातोडीने आत ठोकायचं. पिना उडतात म्हणून डोळ्याला चष्मा हवाच. प्लायला बुरशी असेल तर घासून दोन दिवस कडक उन्हात ठेवा, आणि हो, कोपऱ्यात ढेकूण आहेत का तेही बघा. थर सुटले असतील तर नवा १२ एमएमचा प्लाय त्याच मापाने कापून आणा.

फोम ४० डेन्सिटीचा घ्या. ३२ चा स्वस्त पडतो पण रोज बसायच्या खुर्चीला तो लवकर दबतो. जाडी दीड इंच पुरे. टेबल साधारण ३० इंच आणि सीट १८ इंच उंच असते, उगाच तीन इंच फोम टाकला तर मांड्या टेबलाला लागतात. प्लाय वर ठेवून रेघ मारा, कटरचं नवं ब्लेड लावून कापा आणि रबर सोल्युशनने चार-पाच ठिकाणी चिकटवा.

कापडाचा हिशोब: सीट १८ बाय १८, चारी बाजूंना फोमचा दीड, प्लायचा अर्धा आणि खाली वळवायला दोन इंच धरा, म्हणजे २६ चा चौकोन. सोफ्याच्या कापडाचा पन्हा बहुतेक ५४ इंच असतो, म्हणजे एका पन्ह्यात दोन सीट, सहाला सव्वादोन मीटर. मोठी फुलं किंवा पट्टे असतील तर जास्त लागेल. पहिल्यांदाच करताय तर प्लेनच घ्या, पट्टे वाकडे गेले की रोज जेवताना दिसतात. घरात आईची जुनी साडी वापरू म्हणणारं कुणीतरी असतंच, नको, महिन्यात फाटेल.

कापड उलटं पसरा, वर फोम खाली करून सीट ठेवा. आता एक बाजू पूर्ण मारून मग दुसरी असं अजिबात करू नका, सगळं काम तिथेच बिघडतं. आधी चारही बाजूंच्या मधोमध एकेक पिन, समोरासमोरच्या बाजू ओढून. मग सीट उलटून बघा, कापडाची वीण सरळ आहे? मग मधून कोपऱ्याकडे दोन-दोन बोटांवर पिना मारत जा, कोपऱ्याआधी दोन इंच थांबा. टॅकरला (पिना मारायच्या बंदुकीला) ८ एमएमच्या पिना चालतात, आणि टॅकर प्लायवर दाबून धरला नाही तर पिन अर्धी वरच राहते. ओढायचं म्हणजे तबल्यासारखं ताणायचं नाही, फोमची कड गोल दिसली की बास.

कोपऱ्यात कापडाचं टोक तिरकं मध्याकडे ओढून एक पिन मारा, दोन्हीकडे कान उभे राहतील. त्यातलं जादा कापड आतून छाटा आणि साडीच्या निरीसारखी घडी पाडून एकेक दाबा, दोन्ही घड्या पुढून सारख्या दिसल्या पाहिजेत. माझे पहिले दोन कोपरे मोदकासारखे झाले, ती खुर्ची आता भिंतीकडे असते.

सीटची खालची बाजू झाकायला काळं कापड मारताना स्क्रूची भोकं झाकली जातील, ती दाभणाने टोचून मोकळी करा. आणि बसवताना चारही स्क्रू आधी अर्धेच पिळा, सीट हलवून नीट बसली की मग आवळा.