निर्वासितांना मदत आणि शस्त्रांची निर्यात : म्यानमारबाबतचे भारताचे धोरण नागरिकाने कसे तपासावे

म्यानमारच्या लष्कराने १ फेब्रुवारी २०२१ रोजी लोकनियुक्त सरकार उलथवून सत्ता हाती घेतली आणि काही आठवड्यांतच भारताच्या सीमेलगतच्या चिन राज्यातील लोक तिआउ नदी ओलांडून मिझोराममध्ये येऊ लागले. पुढील काळात तिथे ३० हजारांहून अधिक म्यानमारी नागरिकांनी आसरा घेतला. मे २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे म्यानमारविषयक विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांनी एक अहवाल सादर केला. सत्तापालटानंतर म्यानमारच्या लष्कराकडे किमान १०० कोटी डॉलरची शस्त्रे आणि संबंधित सामग्री पोहोचली, असे त्यात नोंदवले आहे. त्यांपैकी ४०.६ कोटी डॉलरची सामग्री रशियातून, २६.७ कोटींची चीनमधून, २५.४ कोटींची सिंगापूरमधून, ५.१ कोटींची भारतातून आणि २.८ कोटींची थायलंडमधून गेली. भारताचा वाटा रशिया, चीन आणि सिंगापूरच्या मानाने लहान आहे, पण या देशांपैकी ज्यांच्या दारात त्याच लष्कराच्या बॉम्बफेकीतून वाचलेली माणसे उभी आहेत, त्यांत भारत आहे. त्यामुळे निर्वासितांविषयीचे धोरण आणि शस्त्रनिर्यातीचे धोरण एकत्र ठेवून वाचणे हे आपले नागरिक म्हणून काम आहे, असे मी मानतो.

हे काम अवघड वाटते, याचे कारण गुप्ततेपेक्षा कामाच्या वाटणीत अधिक आहे. निर्वासितांची फाइल गृह मंत्रालयात असते, शस्त्रनिर्यातीच्या परवान्याची फाइल संरक्षण मंत्रालयाच्या संरक्षण उत्पादन विभागात असते आणि शेजारी देशाला दिलेल्या मदतीचा हिशेब परराष्ट्र मंत्रालयाकडे असतो. या तिन्ही फाइली एका टेबलावर आल्याचे सार्वजनिक कागदपत्रांत कुठेच दिसत नाही. ते टेबल आपणच मांडायचे आहे.

सर्वप्रथम एकच देश आणि एकच कालखंड निश्चित करावा. सर्व संघर्षग्रस्त देश एकदम तपासायला घेतले की आकडे जमतात, पण निष्कर्ष हाती लागत नाही. इथे म्यानमार आणि १ फेब्रुवारी २०२१ नंतरचा काळ घेतला आहे. एका कागदाच्या मध्यभागी तारखांची उभी रेघ ओढावी आणि तिच्या डाव्या बाजूला निर्वासितांविषयीचे, तर उजव्या बाजूला शस्त्रांविषयीचे निर्णय लिहीत जावे. डावीकडे पहिली नोंद १० मार्च २०२१ ची येईल. त्या दिवशी गृह मंत्रालयाने मिझोराम, मणिपूर, नागालँड आणि अरुणाचल प्रदेश या राज्यांना पत्र पाठवून, कोणाही परकीयाला निर्वासिताचा दर्जा देण्याचा अधिकार राज्य सरकारांना नाही, असे बजावले. दुसरी नोंद १८ मार्चची. मिझोरामचे तत्कालीन मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून, मिझो आणि चिन हे एकाच रक्ताचे असल्याने हा आदेश मिझोरामला मान्य होणार नाही, असे कळवले. उजवीकडे १८ जून २०२१ ची नोंद करावी. म्यानमारमध्ये शस्त्रांचा ओघ थांबवावा, असे आवाहन करणारा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११९ मतांनी संमत झाला, तेव्हा भारतासह ३६ देश तटस्थ राहिले. २१ डिसेंबर २०२२ रोजी सुरक्षा परिषदेत म्यानमारमधील हिंसा थांबवण्याची मागणी करणाऱ्या ठराव क्रमांक २६६९ वर मतदान झाले, तेव्हाही भारत तटस्थ होता.

तारखांविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. भारतीय नौदलाची सिंधुवीर ही पाणबुडी म्यानमारला २०२० मध्ये, म्हणजे सत्तापालटापूर्वी देण्यात आली. ती सत्तापालटानंतरच्या निर्यातीत मोजली तर आपली सगळी मांडणी एका झटक्यात खोडली जाईल. म्यानमारला झालेली निर्यात आधीच्या नागरी सरकारला दिलेल्या वचनांनुसार होती, अशी भूमिका भारताने विशेष प्रतिवेदकांपुढे मांडली होती. या भूमिकेची पारख करायची असेल तर कराराची तारीख, परवान्याची तारीख आणि माल प्रत्यक्ष रवाना झाल्याची तारीख या तीन गोष्टी वेगवेगळ्या मागाव्या लागतात. करार जुना असला तरी त्यावरील परवाना नव्या परिस्थितीत पुन्हा तपासता येतो, आणि तसा तो तपासला गेला का, हाच कळीचा प्रश्न आहे.

निर्वासितांची बाजू तपासताना कायद्यापासून सुरुवात करावी. १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर आणि १९६७ च्या त्याच्या पूरक प्रोटोकॉलवर भारताची स्वाक्षरी नाही, तसेच निर्वासितांसाठी देशात स्वतंत्र कायदाही नाही. त्यामुळे संसदेच्या संकेतस्थळावर जुनी उत्तरे शोधताना ‘निर्वासित’ एवढाच शब्द वापरून भागत नाही. ‘म्यानमारचे नागरिक’, ‘बेकायदा स्थलांतरित’ आणि ‘विस्थापित’ हे शब्दही वापरून पाहावेत. न्यायालयांचे दोन निर्णय जोडीने वाचावेत. ८ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद सलीमुल्ला खटल्यात, जम्मूत ताब्यात घेतलेल्या रोहिंग्यांची पाठवणी रोखण्यास नकार दिला आणि विहित प्रक्रिया पाळण्याची अट तेवढी घातली. त्यानंतर महिनाभरातच, ३ मे रोजी मणिपूर उच्च न्यायालयाने मानवी हक्क वकील नंदिता हक्सर यांच्या याचिकेवर, म्यानमारमधून आलेल्या सात जणांना दिल्लीतील संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयापर्यंत सुरक्षित जाऊ दिले. जीव धोक्यात असलेल्याला परत न ढकलण्याचे तत्त्व राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये सामावलेले आहे, असेही त्या न्यायालयाने मानले.

पैशांची बाजू पाहण्यासाठी गृह मंत्रालयाची ‘स्थलांतरित व मायदेशी परतलेल्यांसाठी साहाय्य व पुनर्वसन’ ही योजना उघडावी. २०२५-२६ पर्यंत चालू ठेवलेल्या या योजनेसाठी १,४५२ कोटी रुपयांची तरतूद होती आणि तिच्यात सात उपयोजना होत्या. श्रीलंकेतील तमिळ निर्वासित, त्रिपुरातील विस्थापित ब्रू आदिवासी कुटुंबे, तिबेटी वसाहतींची साहाय्य समिती ही नावे तिथे सापडतात. गोंदिया जिल्ह्यात गोठणगाव इथे तिबेटी वसाहत आहे, त्यामुळे या योजनेचा एक धागा महाराष्ट्रातही येतो. म्यानमारमधून मिझोराममध्ये आलेल्यांसाठी मात्र त्या सात नावांत स्वतंत्र उपयोजना नाही. त्यांचा भार प्रामुख्याने राज्य सरकार, यंग मिझो असोसिएशन ही सामाजिक संघटना, चर्च आणि गावोगावच्या लोकांनी उचलला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सीमेपलीकडे लढाई भडकली, तेव्हा चम्फाय जिल्ह्यातील झोखावथार या छोट्या गावात दोन-तीन दिवसांत सुमारे ५,००० माणसे आली. त्यांच्या पहिल्या जेवणाची सोय कुठल्या सरकारी लेखाशीर्षातून झाली, हे विचारण्यासारखे आहे.

याच ठिकाणी अनेकांची एक गल्लत होते. अर्थसंकल्पात परराष्ट्र मंत्रालयाच्या अनुदान मागण्यांमध्ये ‘म्यानमारला साहाय्य’ अशी ओळ असते आणि ती निर्वासितांसाठीची रक्कम समजली जाते. ही ओळ म्यानमार या देशातील प्रकल्पांसाठी आहे. सित्वे बंदरापासून पालेत्वामार्गे मिझोरामला जोडणारा कलादान प्रकल्प हे त्याचे ठळक उदाहरण. ही रक्कम डाव्या बाजूच्या रकान्यात लिहू नये.

शस्त्रांची बाजू अधिक वेळ मागते. भारतातून जाणारी युद्धसामग्री ‘स्कोमेट’ नावाच्या नियंत्रित वस्तूंच्या यादीत मोडते. १९९२ च्या विदेश व्यापार कायद्याखाली ही यादी विदेश व्यापार महासंचालनालय प्रसिद्ध करते. यादीतील सहावा प्रवर्ग हा दारूगोळा आणि लष्करी सामग्रीचा असून त्याचे परवाने संरक्षण उत्पादन विभाग देतो. अर्जासोबत अंतिम वापरकर्त्याचे प्रमाणपत्र जोडावे लागते आणि संवेदनशील प्रकरणांत परराष्ट्र मंत्रालयाचे मत घेतले जाते. शस्त्रव्यापार करार संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत २ एप्रिल २०१३ रोजी मतास आला तेव्हा भारत तटस्थ राहिला आणि पुढेही त्यात सामील झाला नाही. गंभीर अत्याचारांसाठी शस्त्रे वापरली जाण्याचा धोका तोलण्याचे त्या करारातील बंधन म्हणून भारताला लागू होत नाही. युद्धातील वर्तनाचे नियम घालून देणारे १९४९ चे जिनेव्हा करार मात्र भारताने स्वीकारले आहेत आणि त्यांसाठी १९६० मध्ये कायदाही केला आहे.

देशाची एकूण संरक्षण निर्यात २०१३-१४ मध्ये ६८६ कोटी रुपये होती, ती २०२४-२५ मध्ये २३,६२२ कोटी रुपयांवर गेली. हा आकडा सरकार अभिमानाने जाहीर करते. कोणत्या देशासाठी किती परवाने दिले आणि किती नाकारले, याचा नियमित अहवाल मात्र प्रसिद्ध होत नाही. ब्रिटनमध्ये तो दर तिमाहीस देशवार प्रसिद्ध होतो. तिथल्या अपील न्यायालयाने जून २०१९ मध्ये, येमेनमधील युद्धासाठी सौदी अरेबियाला दिलेल्या परवान्यांची निर्णयप्रक्रिया बेकायदा ठरवली. पुढे मार्च २०२१ मध्ये त्याच सरकारने येमेनची मदत १६.४ कोटी पौंडांवरून किमान ८.७ कोटी पौंडांवर आणली, तेव्हा परवान्यांचे आकडे हाती असलेल्या लोकांनी दोन्ही रकमा शेजारी ठेवून सरकारला जाब विचारला. आकडे प्रसिद्ध केल्याने धोरण आपोआप सुधारत नाही, पण प्रश्न विचारण्याला त्याशिवाय पायाच मिळत नाही.

देशवार परवाने प्रसिद्ध होत नसल्याने व्यापाराच्या आकडेवारीकडे वळावे. वाणिज्य मंत्रालयाच्या निर्यात-आयात माहिती संचात देश म्यानमार निवडून वस्तूंच्या वर्गीकरणातील प्रकरण ९३ पाहावे. हे प्रकरण शस्त्रे आणि दारूगोळ्याचे आहे. तिथेच थांबल्यास फसगत होते, कारण रडार ८५२६ या शीर्षकाखाली, रणगाडे ८७१० खाली आणि युद्धनौका ८९०६ खाली नोंदल्या जातात. ८५२६ खाली नागरी विमानतळाचे रडारही येते, म्हणून केवळ त्या आकड्यावरून लष्करी विक्रीचा निष्कर्ष काढू नये. तो आकडा पुढील चौकशीचे निमित्त म्हणून वापरावा. हा संच एप्रिल ते मार्च असे वर्ष धरतो, तर संयुक्त राष्ट्रांचा व्यापारसंच जानेवारी ते डिसेंबर. सत्तापालट फेब्रुवारीत झाल्याने त्यानंतरचे पहिले दोन महिने भारतीय संचात २०२०-२१ या वर्षात पडतात. स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ संस्थेचा शस्त्रव्यवहारांचा संच मोठ्या शस्त्रांसाठी उपयोगी आहे. त्यातील मूल्य ही विक्रीची किंमत नसून लष्करी क्षमतेचे माप असते आणि बंदुकांसारखी लहान शस्त्रे त्यात धरली जात नाहीत.

आता माहितीच्या अधिकाराचा अर्ज. ‘सरकारने म्यानमारला शस्त्रे का विकली?’ असा प्रश्न कधीही लिहू नये. ‘का’ या प्रश्नाचे उत्तर देण्यास जन माहिती अधिकारी बांधील नसतो. त्याच्याकडे असलेली नोंद मागावी. संरक्षण उत्पादन विभागाकडे असा मजकूर पाठवता येईल : ‘१ फेब्रुवारी २०२१ ते आजपर्यंत, गंतव्य देश म्यानमार असलेल्या स्कोमेट प्रवर्ग ६ मधील निर्यात अर्जांची वर्षवार संख्या, मंजूर, नामंजूर व प्रलंबित अशी विभागणी, मंजूर परवान्यांचे वर्षवार एकूण मूल्य आणि उपप्रवर्ग कळवावेत. १ फेब्रुवारी २०२१ पूर्वी दिलेल्या किती परवान्यांचा त्यानंतर फेरविचार झाला, त्याची संख्या द्यावी.’ कंपनीचे नाव किंवा वस्तूचा तपशील मागितलेला नसल्याने व्यापारी गुपिताची सबब इथे लंगडी पडते. गृह मंत्रालयाकडे याच कालखंडासाठी दुसरा अर्ज करावा आणि म्यानमारमधून आलेल्यांसाठी मिझोरामला दिलेली रक्कम व धान्य, तारीख व लेखाशीर्षासह मागावे.

अर्ज मराठीत करता येतो, कारण कायद्याच्या कलम ६ नुसार अर्ज जिथून केला जातो तिथली राजभाषा चालते. मराठी अर्ज टपालाने पाठवणे सोयीचे पडते. शुल्क दहा रुपये आहे. महाराष्ट्रातील कार्यालयांना चालणारा दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप केंद्राच्या कार्यालयांना चालत नाही, तिथे भारतीय पोस्टल ऑर्डर जोडावी. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. कलम ८(१)(क), म्हणजे इंग्रजी प्रतीतील पहिले उपकलम, दाखवून देशाची सुरक्षा आणि परराष्ट्रसंबंध या कारणांवरून नकार येण्याची शक्यता मोठी आहे. नकार आल्यास ३० दिवसांत प्रथम अपील करावे आणि त्यात तीन कलमांचा आधार घ्यावा. कलम १० नुसार संवेदनशील भाग वगळून उरलेली माहिती देता येते. कलम ८(२) नुसार व्यापक सार्वजनिक हित मोठे असेल तर अपवादातील माहितीही देता येते. कलम १९(५) नुसार नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी अधिकाऱ्यावर असते. त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. म्यानमारच्या सीमेवर पहारा देणाऱ्या आसाम रायफल्सकडे थेट अर्ज करण्यात वेळ घालवू नये. मानवी हक्कभंग आणि भ्रष्टाचाराचे आरोप सोडल्यास ते दल या कायद्यातून वगळलेले आहे.

संसदेचा मार्ग याच्या जोडीने चालू ठेवावा. मिझोरामला लोकसभेत एक आणि राज्यसभेत एक, असे दोनच खासदार आहेत. महाराष्ट्राचे लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ खासदार आहेत. खडकी, देहूरोड, वरणगाव, भंडारा आणि चांदा इथल्या दारूगोळा कारखान्यांची म्युनिशन्स इंडिया ही सरकारी कंपनी पुण्यातून चालते, त्यामुळे निर्यातीचे नियम हा आपल्या राज्याचाही विषय आहे. खासदारांना निवेदन देताना सोबत तयार प्रश्न द्यावा. लोकसभेच्या नियमांनुसार प्रश्न १५० शब्दांहून मोठा नसावा आणि त्यात युक्तिवाद, अनुमान किंवा उपरोध नसावा. नोटीस सर्वसाधारणपणे पंधरा दिवस आधी द्यावी लागते. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते आणि आकडे मिळवण्यासाठी तेच अधिक उपयोगी ठरते. संरक्षण मंत्रालयाला विचारलेल्या प्रश्नातील कालखंड गृह मंत्रालयाला विचारलेल्या प्रश्नातही शब्दशः तोच ठेवावा.

न्यायालयात जाण्याचा सल्ला मी लगेच देणार नाही. इस्रायलला होणारी शस्त्रनिर्यात थांबवावी, या मागणीची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ९ सप्टेंबर २०२४ रोजी, हा परराष्ट्र धोरणाचा विषय असल्याचे सांगून फेटाळली. त्याच कारणाने म्यानमारविषयीची याचिकाही फेटाळली जाण्याचा धोका आहे. जमवलेला कागद त्याऐवजी संसदेच्या गृह, संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार या तिन्ही स्थायी समित्यांच्या सचिवालयांकडे पाठवावा. अर्थसंकल्प मांडल्यानंतरच्या मधल्या सुट्टीत या समित्या आपापल्या मंत्रालयांच्या अनुदान मागण्या तपासतात, म्हणून निवेदन फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात पोहोचेल असे पाहावे आणि तिन्ही समित्यांना दोन्ही बाजू भरलेला तोच एक कागद द्यावा.